चाकणच्या जपानात नऊ दिवस

“मुगे, ये गं बाई बाहेर. कोणी मारत नाही तुला. मुगेऽऽ.”

शकू ओरडत होती आणि ओरडताना तिचं कमरेपर्यंतचं अंग एका बावीस चाकी ट्रेलरच्या पोटाखाली होतं. उरलेली शकू माझ्या ताब्यात होती. मी तिचे दोन्ही घोटे धरून रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो होतो, कारण ड्रायव्हरने नुकतंच इंजिन चालू केलं होतं आणि खाली कोणाची तरी बायको आहे याची त्याला कल्पना नव्हती. हात हलवून त्याला थांबवावं तर घोटे सुटणार. शेवटी मी नुसती बोंब मारली. एकतीस वर्षं प्रेस शॉपला काढली आहेत मी. पत्रा दाबणाऱ्या तीनशे टनी प्रेसच्या धडधडीवर माझा आवाज चढायचा, आणि मी ‘चला रे जेवायला’ म्हणालो की शेजारच्या कंपनीतली माणसंही डबे उघडायची. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि काय पडलं म्हणून हिंदीत विचारलं. मांजर, असं मी सांगितलं. त्याने शकूच्या पायांकडे पाहिलं, मग चाकण-तळेगाव रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. नजर पोहोचेल तिथपर्यंत ट्रेलरच ट्रेलर उभे होते.  

मुगी आमची कोणी नव्हे. ती चौदा वर्षांची जपानी मांजरी. अंगावर तांबूस पट्टे, शेपूट जन्मापासूनच अर्धी. तिच्या मालकीणबाई त्या घटकेला जपानातल्या एका इस्पितळात ऑपरेशन होऊन पडल्या होत्या, आणि त्यांना रोज सकाळी दहाला मुगीचा फोटो पाठवायचं काम माझ्याकडे होतं. त्या गुरुवारचा फोटो मी बरोबर दहाला पाठवलेला होता. त्यात मुगी खिडकीत ऊन खात बसलेली होती. खरी मुगी त्याआधी दोनच मिनिटं घरातून पळाली होती.

हे कसं झालं ते आता पहिल्यापासून सांगतो.

लोक परदेशी विमानाने जातात. आम्ही उभयता पहिल्यांदा परदेशी गेलो ते संत तुकाराम नगरहून रिक्षाने. आमचा जावई प्रवीण चाकणच्या एका कंपनीत लाईन सुपरवायझर आहे. त्याचे वरचे साहेब ओगावा, क्वालिटीचे प्रमुख. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन मायदेशी करायचं ठरलं आणि दोघं नऊ दिवसांसाठी निघाली. या लोकांत पद्धत अशी की घर आणि जनावर कुलपात टाकून जात नाहीत. एखादं भरवशाचं जोडपं घरी येऊन राहतं, घर सांभाळतं, जनावर सांभाळतं. प्रवीणने साहेबांना सांगितलं की माझे सासू-सासरे आहेत, सासरे रिटायर आहेत, फार शिस्तीचे आहेत. शिस्तीचे हा शब्द ऐकून शकू पदरात तोंड घालून हसली. मी मात्र रुमालाला इस्त्री केली.

रविवारी सकाळी निघालो. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल. मोशी ते चाकण या टप्प्यात आमच्या रिक्षावाल्याची दाढी बोटभर वाढली. शकूने सोबत पाच किलोची गॅसशेगडी आणि पाटा-वरवंट्यातला नुसता वरवंटा घेतला होता. परक्या मुलखात कशाची सोय होईल सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. चौकात आमच्या एका बाजूला नव्याकोऱ्या मोटारींनी लादलेला कंटेनर आणि दुसऱ्या बाजूला कोथिंबिरीचा टेम्पो, आणि मधे आम्ही वरवंटा मांडीवर घेऊन. 

साहेबांचं घर खराबवाडीच्या अंगाला, एका बंदिस्त सोसायटीतलं रो-हाऊस. पुढे गुलमोहर, मागे भिंत, भिंतीपलीकडे पत्र्याची छोटी फॅब्रिकेशनची शेड. दारातून आत पाऊल टाकलं आणि भारत संपला. उंबऱ्याशी गेनकान (चपला काढायची खोलगट जागा). तिथे घरात घालायच्या सपाता वेगळ्या, संडासात घालायच्या वेगळ्या. पहिल्याच तासात मी संडासातल्या सपाता घालून दिवाणखान्यात आलो, तेव्हा प्रवीणच्या चेहऱ्यावरून त्याचं प्रमोशन जाताना मला दिसलं. संडासाला तर बटणं होती सोळा. मी एकच दाबलं. पुढचं सांगत नाही, पण माझी आंघोळ त्या दिवशी दोनदा झाली.

भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात बुद्धमूर्ती होती. शकूचा जीव तिथे थाऱ्यावर आला. तिने पिशवीतून मेणबत्ती काढली, आम्ही दोघांनी वंदना म्हटली. मागे उभ्या असलेल्या ओगावावहिनी आपल्या पद्धतीने हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना आमचं बोलणं कळत नव्हतं, आम्हाला त्यांचं. शकू त्यांना वहिनीच म्हणायला लागली.

नियम तीन होते. प्रवीणने ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावले. एक, रोज सकाळी माशाच्या घासातून अर्धी गोळी. मुगीची किडनी अधू आहे, गोळी चुकली तर फार दिवस तग धरणार नाही. दोन, रोज दहाला फोटो. तीन, मागचं दार कधीही उघडायचं नाही. निघताना वहिनी मुगीशी बराच वेळ काहीतरी बोलल्या. मग गोळ्यांची डबी त्यांनी शकूच्या हातात दिली, आणि दिली तरी सोडेनात. गाडीत बसताना साहेब हळूच प्रवीणला एवढंच म्हणाले की तिला ऑपरेशनची भीती नाही, मांजरीची आहे. फोटो चुकवू नका.

त्या क्षणापासून मला भीती लागली. दाखवली नाही, कारण शिस्तीच्या माणसाला भीती शोभत नाही.

आता फोटोचं. मुगी म्हणजे एखाद्या रागीट मामलेदारासारखी. रविवारभर पलंगाखालून तिने फक्त डोळे दाखवले. सोमवारी मात्र तिला काय वाटलं कोण जाणे, मासा खाऊन ती घरभर फिरली, खिडकीत बसली, सोफ्यावर लोळली, जिन्यात ताणून आळस दिला. मी मोबाईल घेऊन मागे. आणि तिथे माझ्यातला जुना कामगार जागा झाला. शॉपवर प्रत्येक मशीनला चेकशीट (यंत्र रोज तपासल्याची सहीची नोंद) लटकलेली असते. तेल पाहिलं, प्रेशर पाहिलं, गार्ड पाहिला, रोज टिकमार्क. आता शंभरातल्या नव्याण्णव दिवशी मशीन तसंच असतं. म्हणून शहाणा ऑपरेटर सोमवारी सकाळीच शनिवारपर्यंतच्या टिका करून मोकळा होतो. मी तर एकदा दिवाळीच्या सुटीतल्याही करून ठेवल्या होत्या. तेव्हा सोमवारीच मी मुगीचे सात फोटो सात जागी काढले, प्रत्येकाला वार ठरवून टाकला, आणि आठवडाभराचा निवांत झालो. शकूने पाहिलं आणि म्हणाली, “अहो, हे जिवंत जनावर आहे. मशीन नाही.” मी तिला सांगितलं की एकतीस वर्षांत एकदाही पकडला गेलो नाही.

मंगळवारी सोफ्यावरची मुगी गेली, बुधवारी जिन्यातली. साहेबांचं एका ओळीचं उत्तर यायचं: थँक यू.

गुरुवार हा आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या सुटीचा वार, आणि दुरुस्तीसाठी लाईट जायचाही. नऊला लाईट गेली. वहिनींची काचेची शेगडी आणि धूर ओढणारं यंत्र दोन्ही मुकी झाली. शकूचं काही अडलं नाही. तिने आपली शेगडी पेटवली आणि चार दिवस अळणी खाऊन कंटाळलेल्या माझ्यासाठी ठेचा करायला घेतला. तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, वर मीठ. त्या बंदिस्त घरात तो ठसका (मिरचीचा खोकला आणणारा धूर) असा उठला की कोनाड्यातल्या बुद्धांनीही एक डोळा उघडला असावा. मी खोकतोय, शकू खोकतेय, मुगी एका दमात अकरा वेळा शिंकली. मी आंधळ्यासारखा धावलो आणि जे पहिलं दार हाताला लागलं ते उघडलं.

ते मागचं होतं.

एक तांबूस रेघ माझ्या पायातून गेली, भिंतीवर चढली आणि दिसेनाशी झाली. 

मी काय केलं असेल? साहेबांना फोन? प्रवीणला? मी घड्याळ पाहिलं. दहाला दोन मिनिटं कमी होती. आज तर वहिनींचं ऑपरेशन होऊन दुसराच दिवस. मी गुरुवारचा फोटो पाठवला. बोट तीनदा भलतीकडेच पडलं. मग आम्ही दोघं रस्त्याकडे धावलो. ट्रेलरचं वर सांगितलंच.

सोसायटीचा वॉचमन गायकवाड परभणीकडचा. पहिल्या दिवशी जयभीम झाला तेव्हापासून आमचा माणूस. त्याने सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, आणि मग मला धीर द्यायला म्हणून जे बोलला त्याने माझी उरलीसुरली हवा गेली.

“काका, रस्त्याकडं गेली नसंल बघा. मांजर हुशार राहतंय. उसाकडं गेली असंल तर मातर... परवा बिबट्या दिसला म्हनतेत तिकडं.”

“कोणी पाहिला?”

“पाहिला कुनीच नाही. पन कुत्रे कमी व्हायलेत.”

मी आयुष्यात बिबट्याच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या आहेत. एकीत तर मी त्याला टिफिनच्या झाकणाने पळवलं होतं. त्या दुपारी कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेल्या त्या चार एकर उसाच्या कडेला उभा राहिलो तेव्हा मात्र वाऱ्याने पाती सळसळली आणि मी चप्पल तिथेच टाकून मागे आलो. शकू पुढे गेली. एका हातात माशाची वाटी, दुसऱ्या हातात वरवंटा. बांधाबांधाने हाका मारत ती अख्खा ऊस फिरून आली. मी ओरडून तिला दिशा सांगत होतो, दुरून.

घरी आल्यावर तिने गोळीची डबी उघडली, आजची अर्धी गोळी होती तशी पाहिली आणि डबी बंद केली. मग ती डबी तिने माझ्यासमोर ठेवली. त्या डबीकडे बघून मला प्रेसखाली हात राहिल्यासारखं वाटलं. 

शुक्रवारी दहाला मी विचारलं की पाठवू का. शकू म्हणाली, खरं सांगून टाका. मी म्हणालो, आणि वहिनींच्या टाक्यांना काही झालं म्हणजे? ती म्हणाली, सांगितलं नाही म्हणून मांजर परत येणार आहे का? दोघांचंही बरोबर होतं, हेच वाईट होतं. मी फोटो पाठवला. त्यात मुगी टेबलाखालून इतक्या भरवशाने बघत होती की मी मोबाईल उपडा ठेवला. साहेबांचं उत्तर आलं. या वेळी एक ओळ जास्त होती: थँक यू. उद्याचाही पाठवा, प्लीज.

 चार वर्षांत साहेबांनी लाईनवर कोणाला प्लीज म्हटलेलं नाही, असं प्रवीणच सांगायचा. दर तासाला वाटायचं, आता फोन वाजेल, आता ते मुगीला व्हिडिओवर बघायचं म्हणतील. शेजारच्या कंपनीचा भोंगा झाला तरी मी उभा राहायचो.

शनिवारी सकाळी शकू मूर्तीपुढे बसली होती आणि मी फोटो पाठवून शेजारी बसलो होतो.  गायकवाड मागच्या भिंतीकडून धावत आला.

“काका, शेडमधी कायतरी रडायलंय.”

भिंतीला कान लावला. पत्र्याच्या आत, फार खोलातून, एक बारीक आवाज आला. मग थांबला. मग आलाच नाही. गुरुवारी सकाळी शेडवाल्याने साफसफाईसाठी शटर उघडलं होतं, दुपारी ओढलं आणि पोरांना सुटी देऊन लग्नाला गावी गेला, सोमवारी येणार. पाटीवरचा त्याचा नंबर बंद. शकू म्हणाली, कुलूप तोडा. गायकवाडने हात जोडले. मागच्याच महिन्यात इथे तांब्याची चोरी झाली होती आणि समोर कॅमेरा होता. कुलूप तुटलं की पहिली त्याची नोकरी. शेडवाल्याची आई चिखलीला राहते, एवढं त्याला ठाऊक होतं. दुसरी किल्ली असलीच तर तिच्याकडे. 

गायकवाडची स्कूटर घेतली. चाकणच्या चौकात पाऊण तास अडकलो. तो पाऊण तास माझ्या एकतीस वर्षांपेक्षा मोठा होता. तीन दिवस गोळी नाही, दोन दिवस पाणी नाही, आणि तो आवाज थांबलेला. मोशीवरून आत चिखलीला वळलो. तिथे एका बाजूला दहा-दहा मजल्यांचे नवे टॉवर, दुसऱ्या बाजूला लेथचा किस उडवणाऱ्या गाळ्यांच्या रांगा. पाच जणांना विचारत घर गाठलं. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी दम न घेता सुरू केलं. जपान सरकारची मांजरी आहे, तिच्यावर दोन देशांचे संबंध टिकून आहेत, तिच्या गळ्यात सोन्याचा...

“किल्ली पायजे ना?” म्हातारी म्हणाली. “मंग खरं सांग. खोटं बोलनारा मानूस आमी वळखतो.”

मी तिच्यासमोर पायरीवर बसलो. दार मी उघडलं, म्हणालो. माझ्याकडून मांजर गेली. जिची आहे ती बाई दवाखान्यात आहे आणि तिला मी रोज खोटे फोटो पाठवतोय. हे मी तोवर कोणालाच सलग सांगितलं नव्हतं. सांगताना माझा आवाज शेजारच्या कंपनीत काय, तिच्या ओट्यावरही नीट ऐकू येत नव्हता.

ती उठली, आत गेली. किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाली, “मांजर हाय ती, वाट बघत न्हाई बसायची. जा.”

शटर वर केलं तेव्हा शकू माझ्या पुढे शिरली. आत वंगणाचा आणि लोखंडाचा वास, माझ्या उभ्या जन्माचा वास. कोपऱ्यात एक नळ टपकत होता आणि त्याखाली पत्र्याच्या तुकड्यात घोटभर पाणी साठलं होतं. मुगी दिसेना.  शकूने एकेक कोपरा पाहिला, आणि मग जुन्या प्रेसच्या मागे, मशीन पुसायच्या चिंध्यांच्या ढिगापाशी ती खाली बसली. बराच वेळ बसली. पाठमोरी. मला पुढे जायचं धाडस होईना. 

“गोळी आणा,” ती म्हणाली.

मुगीचा एक कान वंगणाने काळा झाला होता, पोट खपाटीला गेलं होतं, पण मी जवळ गेलो तेव्हा तिने माझ्या मनगटावर तीन उभ्या रेघा ओढल्या. मी रडलो. शकू सांगते की गायकवाडही रडला, पण ते मी तिला सांगायला लावलं आहे. प्राण्यांच्या डॉक्टरांनी येऊन सलाईन दिलं, संध्याकाळपर्यंत तिने मासा हुंगला, रविवारी सकाळी खाल्ला.

रविवारसाठी सातवा फोटो तयार होता. गुबगुबीत मुगी, उशीवर. मी तो उघडला आणि बराच वेळ पाहिला. मग पुसून टाकला. शकूच्या मांडीवरच्या, काळ्या कानाच्या, हाडं निघालेल्या मुगीचा फोटो काढला आणि तो पाठवला. उत्तर एरवी पाच मिनिटांत यायचं. त्या दिवशी दुपार झाली तरी आलं नाही. आलंच नाही.

सोमवारी गाडी दारात थांबली. वहिनी प्रवीणच्या आधाराने सावकाश आत आल्या, सपाता बदलल्या, खाली बसल्या, आणि मुगी चालत गेली आणि त्यांच्या कुशीत शिरली. त्यांनी काळा कान पाहिला, बोटाने पुसला, शकूकडे बघून मान लववली. शकूने डोळे पुसले. त्यांना फोटोतलं काय कळलं होतं आणि काय नाही, ते मला आजही माहीत नाही.

साहेब मागच्या दाराशी उभे होते. मी त्यांच्यापुढे जाऊन सगळं सांगितलं. दार, ठेचा, शेड, सोमवारी काढलेले सात फोटो. प्रवीण इंग्रजीत सांगत होता आणि सांगता सांगता पांढरा पडत होता. साहेबांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. ऐकून झाल्यावर ते आपल्या तोडक्या शॉपवरच्या हिंदीत बोलले. मंगळवारच्या आणि बुधवारच्या फोटोत ऊन एकाच फरशीवर, एकाच रेघेवर होतं, म्हणाले. तेव्हाच कळलं. गुरुवारीही तेच ऊन आलं, वाटलं, मुगी मेली. तिला सांगितलं नाही. रोज तुमचा फोटो दाखवायचो, ती झोपायची. रविवारचा आला, मग मी झोपलो.

 मी विचारलं, साहेब, एवढ्यावरून कसं ओळखलंत?

ते म्हणाले, “मीपण आधी ऑपरेटर होतो.”